दोन पट्ट्या आणि एक वही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मैत्रिणीने एक महागडा परफ्यूम भेट दिला. खोक्यावर बर्गमॉट, आयरिस, सीडर, वेटिव्हर आणि मस्क अशी नावे छापलेली आहेत. मी तो रोज लावते, पण मला त्यात 'परफ्यूमचा वास' याखेरीज काहीच येत नाही. मैत्रीण मात्र डोळे मिटून एकेक नाव सांगते. मागच्या रविवारी हट्टाने दुकानात गेले आणि अर्ध्या तासात चौदा परफ्यूम हुंगले. पाचव्यानंतर सगळे सारखेच वाटू लागले, डोके दुखले ते वेगळेच. शिवाय लावलेला वास तासाभरात मला येईनासा होतो, शेजारी बसणारे मात्र तो अजून येतो आहे असे सांगतात. माझे नाक मंद आहे का? नाकाला शिकवता येते, की ही जन्मजात देणगी असते? आणि ही बाटली ठेवू की देऊन टाकू?"

प्रिय वाचक,

तुमच्या नाकाची बाजू मांडणारा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पहिले काही परफ्यूम तुम्हांला निरनिराळे वाटले आणि पाचव्यानंतर सगळे एक झाले, याचा अर्थ वेगळेपण टिपणारे नाक तुमच्याकडे आहे आणि ते कोणाचेही थकेल तसे थकले. ज्याचे नाक खरोखर मंद असते, त्याला पहिल्या आणि दुसऱ्यातही फरक कळत नाही. तुम्हांला उणीव जाणवते ती गंधांच्या ओळखीची. ही ओळख वाढवता येते, परंतु एका खोलीत चौदा अनोळखी माणसांना भेटून जशी कोणाशीच ओळख होत नाही, तशीच ती दुकानातल्या त्या अर्ध्या तासातही होत नाही.

आधी नाकाचे काम कसे चालते ते पाहू, कारण तुमची निम्मी निराशा तिथेच मावळेल. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला, जेमतेम काही चौरस सेंटिमीटरच्या अस्तरात, वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. या पेशींवरच्या ग्राहींची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे कार्यक्षम ग्राही सुमारे ४०० प्रकारचे असतात. एका वासाला एक ग्राही, असा हिशेब मात्र इथे नसतो. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक चेतवतो आणि एक ग्राही अनेक रेणूंना दाद देतो, त्यामुळे मेंदूकडे जाते ती एक आकृती. कित्येक पदार्थ एकत्र करून घडवलेल्या परफ्यूमचीही शेवटी एकच आकृती उमटते, आणि ती एकसंध वाटावी यासाठीच तो घडवणाऱ्याने महिनोन्‌महिने खटपट केलेली असते. तुम्हांला "परफ्यूमचा वास" आला, हे त्या कारागिराचे यश म्हणायला हवे.

ऑस्ट्रेलियातील संशोधक डेव्हिड लेंग यांनी मिश्र वासांवर बरेच प्रयोग केले. ओळखीचेच वास एकत्र करून दिले, तरी त्यांतले तीन-चारांपेक्षा अधिक वास वेगळे ओळखणे माणसांना जमत नाही, असे त्यांत दिसून आले, आणि या व्यवसायात मुरलेली नाकेही या बाबतीत फार पुढे गेली नाहीत. तेव्हा पाच नावे ओळीने सांगणाऱ्या तुमच्या मैत्रिणीने खोके आधी वाचलेले आहे, ही गोष्ट तिच्याविषयी पूर्ण आदर राखूनही नोंदवणे भाग आहे. ती खोटे बोलते असे मी म्हणत नाही. नाव कानावर पडले की नाक त्या दिशेने वळतेच. रेचेल हर्झ आणि ज्युलिया फॉन क्लेफ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वास एकदा 'चीज' म्हणून आणि एकदा 'उलटी' म्हणून दिला होता, आणि नावाबरोबर लोकांची पसंती-नापसंतीही पालटली.

खोक्यावरच्या यादीबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. ती घटकांची यादी नसते. हा परफ्यूम कशाची आठवण करून देईल, याचे ते कंपनीने केलेले वर्णन असते. मस्क म्हणजे कस्तुरी असे लिहिलेले असले, तरी आज परफ्यूममध्ये वापरात असलेली जवळजवळ सगळी कस्तुरी प्रयोगशाळेत तयार होते. लिली ऑफ द व्हॅली या फुलाचा कामापुरता अर्क निघतच नाही, त्यामुळे ते नाव जिथे दिसेल तिथे फुलाचा वास इतर पदार्थांतून रचलेला असतो. आयरिसचा वास फुलातून येत नाही, तर काही वर्षे वाळवून ठेवलेल्या कंदातून येतो आणि तो पावडरीसारखा, किंचित गाजरासारखा असतो. त्या नावावरून तुम्ही फूल शोधत बसलात, तर ते सापडणार नाही. आणि ज्या वेटिव्हरमुळे तुम्ही बिचकलात, तो आपला वाळा आहे. शब्द मूळचा तमिळ. युरोपची वारी करून परक्या वेशात परत आला, इतकेच. तुमच्या यादीतले निदान एक नाव तुमच्या नाकाला आधीपासूनच ठाऊक असण्याची शक्यता आहे.

आता शिकण्याकडे वळतो. वास ओळखीचा वाटतो, पण नाव जिभेवर येत नाही, हा अनुभव सर्वांनाच येतो. हॅरी लॉलेस आणि ट्रिग एंगेन यांनी १९७७ मध्ये त्याचा अभ्यास केला आणि इंग्रजीत त्याला 'नाकाच्या टोकावर' अडकलेले नाव अशा अर्थाची संज्ञा मिळाली. यावर उपाय एकच आहे. वास आणि शब्द यांची गाठ शांतपणे, पुन्हा पुन्हा आणि थोड्याथोड्या अंतराने मारायची. ग्रास या फ्रेंच गावात १९४६ मध्ये जाँ कार्ल यांनी परफ्यूम घडवणाऱ्यांसाठी जी शाळा काढली, तिथे त्यांनी एक क्रम घालून दिला: आधी एकमेकांहून अगदी भिन्न असलेले वास शेजारी ठेवून शिकायचे आणि ते पक्के झाले की मग एकाच कुळातले, सहज घोटाळा होईल असे वास घ्यायचे. तुम्हांला त्या शाळेतल्या विद्यार्थ्यांसारखे शेकडो पदार्थ पाठ करायचे नाहीत, पण क्रम तोच ठेवा. माझ्या मते या सबंध विद्येतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, कारण एकटा वास फारसे काही सांगत नाही. दोन वास शेजारी आले की ते एकमेकांबद्दल बोलू लागतात.

पहिले तीन आठवडे परफ्यूमची बाटली बंद ठेवा. झाकणाच्या लहान बरण्यांत लिंबाची साल, लवंग, दालचिनी, कॉफी, मिरी आणि पेन्सिल तासताना निघणारा लाकडाचा भुसा घ्या. पेन्सिलीसाठी परंपरेने सीडरचे लाकूड वापरत आले आहेत, त्यामुळे तशी पेन्सिल मिळाली तर तुमच्या खोक्यावरचे आणखी एक नाव इथेच भेटेल. रोज दोनच बरण्या उघडायच्या, त्याही परस्परविरोधी, म्हणजे एका दिवशी लिंबू आणि लवंग, दुसऱ्या दिवशी कॉफी आणि सीडर. बरणी नाकापासून थोडी दूर धरून दोन-तीन छोटे श्वास घ्या. फुप्फुसे भरून ओढलेल्या एका दीर्घ श्वासापेक्षा छोटे श्वास बरे, कारण पहिल्या क्षणांतच नाक सर्वाधिक सावध असते. मग बरणी मिटून वहीत तीन शब्द लिहा. 'छान' आणि 'गोड' हे दोन शब्द एकटे लिहायचे नाहीत, एवढा एकच दंडक.

लवंगेचे उदाहरण घेतो. पहिल्या हुंगण्यात उष्ण, तिखट असे काहीतरी येते आणि बहुतेक जण तिथेच थांबून 'लवंग' असे लिहून मोकळे होतात. थांबू नका. अर्ध्या मिनिटाने पुन्हा हुंगा आणि तिखटाच्या पाठीमागे पाहा, तिथे दातांच्या दवाखान्याची आठवण उभी राहील. ही कल्पना नव्हे, कारण लवंगेतले मुख्य द्रव्य युजेनॉल हे दात भरण्याच्या तात्पुरत्या लुकणात वापरले जाते. तिसऱ्या वेळी एक कोरडा, लाकडासारखा गोडवा लागेल आणि कदाचित जिभेच्या कडेला किंचित बधिरपणाचा भास होईल. आता वहीत 'उष्ण, दवाखाना, कोरडे लाकूड' असे शब्द उतरतात. काही आठवड्यांनी कार्नेशन या फुलाच्या वासाच्या एखाद्या परफ्यूममध्ये तोच दवाखाना डोकावला, की तुम्ही दचकाल. कार्नेशनचा वास रचताना युजेनॉलचा आधार घेतातच. खोके न वाचता लागलेली ही पहिली ओळख फार मोलाची असते.

शब्दांसाठी बाहेर हात पसरण्याचे कारण नाही. उग्र, मंद, कुबट, खवट, आंबूस, करपट, जळकट, धुरकट, मातकट, हिरवट, तुरट, ओलसर, ओशट, खमंग असे कितीतरी शब्द मराठीत तयार आहेत. शिवाय दरवळ, घमघमाट, भपकारा आणि दर्प हे वासाचे प्रकार सांगत नाहीत, तर वास कसा येतो, किती बळाने येतो हे सांगतात. परफ्यूमची पारख करताना नेमका हाच भेद लागतो. एखादा परफ्यूम पहिल्या दहा मिनिटांत भपकाऱ्यासारखा अंगावर येतो आणि नंतर दरवळतो, हे मराठी वाक्य कोणत्याही दुकानातल्या पत्रकापेक्षा अधिक नेमके आहे. मलेशियातील जहाय भाषकांना वासांची नावे रंगांच्या नावांइतक्याच सहजतेने आणि एकमताने सांगता येतात, असे आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. वास शब्दांत पकडता येत नाहीत ही तक्रार, तेव्हा, नाकाची म्हणता येणार नाही. आपण ते शब्द रोज वापरत नाही, एवढेच.

चौथ्या आठवड्यापासून जवळचे वास घ्या: लिंबाची साल आणि संत्र्याची साल, लवंग आणि दालचिनी. इथे गती एकदम मंदावेल आणि तुम्हांला वाटेल की शिकलेले विसरलो. तसे काही झालेले नसते. लिंबू आणि संत्रे या दोन्ही सालींत लिमोनीन हे वासाचे द्रव्य भरपूर असते, त्यामुळे त्यांच्यातला फरक उरतो तो बारीकसारीक घटकांचा, आणि तिथे नाकाला खरोखर काम पडते. कोणाला तरी बरण्या अदलाबदल करून द्यायला सांगा आणि डोळे मिटून ओळखा. चुकलात तर चूकही वहीत लिहा. मी शिकत असताना गुलाबाच्या वासातले एक मुख्य द्रव्य सलग चार दिवस 'साबण' म्हणून लिहिले होते, आणि ते फारसे चुकीचेही नव्हते, कारण इतकी वर्षे मला तो वास साबणातूनच भेटलेला होता.

मगच परफ्यूमकडे या, तेही अंगावर लावून नव्हे. दुकानात मिळते तशी कागदी पट्टी, ती नसेल तर जाड टिपकागदाचे बोटभर लांब तुकडे चालतील. एका वेळी दोन पट्ट्या, दोन परफ्यूम, प्रत्येकी एक फवारा. पट्टीच्या कोरड्या टोकावर नाव आणि वेळ लिहा. फवारल्यावर मद्यार्क उडून जायला अर्धे मिनिट द्या, मग हुंगा. पट्टी नाकाला टेकवू नका. नाकाला थेंब लागला की पुढचा तासभर सगळ्या जगाला तोच एक वास येतो. त्यानंतर दहा मिनिटांनी, एका तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्या पुन्हा हुंगा आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहा.

हा वेळेचा सराव का, ते सांगतो. परफ्यूममधले रेणू एकदम उडत नाहीत. लिंबू आणि त्याच्याच कुळातले बर्गमॉट हे फळ यांसारखे हलके पदार्थ काही मिनिटांत निघून जातात, फुलांचे वास काही तास टिकतात आणि लाकूड, राळ, कस्तुरी यांसारखे जड पदार्थ दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतात. पाच नावे एकाच क्षणी नाकात शोधणे तुम्हांला जमले नाही, कारण ती एका क्षणी तितक्याच जोराने तिथे नसतातच. बर्गमॉट शोधायचा तो पहिल्या पाच मिनिटांत, वाळा आणि सीडर दुपारी. दुसऱ्या दिवशीची पट्टी तर माझी सर्वांत आवडती. रात्रभर बाकी सगळे उठून गेलेले असतात आणि कागदावर मागे राहिलेला मऊ, किंचित गोडसर, धुतलेल्या कपड्यासारखा वास म्हणजे बहुधा कस्तुरीच असते. मिश्रणातून एक घटक वेगळा काढून देण्याचे काम इथे घड्याळ करते. नाकाला फक्त हजर राहावे लागते.

आता तुमच्या तासाभराने नाहीशा होणाऱ्या वासाबद्दल. एकच वास सतत येत राहिला की चेतापेशी आणि मेंदू दोघेही त्याची दखल घेणे कमी करतात, आणि ते योग्यच आहे, कारण धुराचा नवा वास आला तर तो तत्काळ कळण्यासाठी जुन्या वासांना गप्प बसवावेच लागते. वास गेलेला नसतो, तुम्हांला त्याची सवय झालेली असते. म्हणून तासाभराने पुन्हा फवारा मारू नका. शेजारी बसणाऱ्यांनी तुम्हांला दिलेली माहिती खरी आहे आणि ती त्यांनी सौजन्याने दिली आहे. दहा मिनिटे मोकळ्या हवेत जाऊन या किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या, परफ्यूम न लावलेल्या त्वचेचा वास घ्या, नाक पूर्वपदावर येऊ लागते. दुकानांत कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, पण त्यांनी नाक ताजे होते हा समज चाचणीत टिकलेला नाही, साध्या हवेचा परिणाम तितकाच दिसला. दुकानात एका भेटीत चार पट्ट्यांची मर्यादा पाळा.

एक शक्यता मात्र मनात ठेवा. कोणा एका विशिष्ट रेणूचा वास जन्मतःच न येणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. कस्तुरीच्या काही कृत्रिम रूपांचा वास अनेकांना येतच नाही. व्हायोलेटच्या फुलातले बीटा-आयोनोन काहींना सुगंधी फुलासारखे वाटते, तर काहींना आंबूस, आणि हा फरक मुख्यतः एका ग्राहीच्या जनुकातला आहे. म्हणून सहा-सात प्रयत्नांनंतरही मस्क हाती लागला नाही, तर ती तुमची चूक समजू नका. गंमत अशी की अशी सगळीच दारे कायमची बंद नसतात. अँड्रोस्टेनोन नावाच्या द्रव्याचा वास न येणाऱ्या काही जणांना ते रोज हुंगत राहिल्यावर काही आठवड्यांनी तो येऊ लागला, असे चार्ल्स वायसॉकी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र त्यातल्या काहींना तो शिळ्या लघवीसारखा वाटला असणार, तेव्हा ही प्रगती म्हणावी का, ते ज्याचे त्याने ठरवावे.

किती दिवस लागतील? आजाराने वास गेलेल्यांसाठी ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये जो सराव मांडला, त्यात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायचे होते. तुमचे नाक निरोगी आहे, तरी १२ आठवडे हा कालावधी धरून चालायला हरकत नाही. रोज दहा मिनिटे पुरेत. सर्दीच्या दिवसांत सुट्टी घ्या. धूम्रपान करत असाल, तर त्याने गंधज्ञान मंदावते हे जाणून असा. वास अचानक पूर्ण नाहीसा झाला, ओळखीचे वास घाणेरडे येऊ लागले किंवा नसलेलेच वास येऊ लागले, तर वही बाजूला ठेवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना भेटा. डोकेदुखी किंवा दमा असेल तर उघड्या खिडकीशी बसा, आणि सरावासाठी आणलेले कोणतेही सुगंधी तेल थेट त्वचेवर लावू नका.

राहिली बाटली. ती देऊन टाकू नका, पण मैत्रिणीने सांगितलेली नावे आणि खोक्यावरची यादी तूर्त विसरा. खोके दुसऱ्या खोलीत ठेवा. बाटली मात्र बंद कपाटात, उजेड आणि उष्णतेपासून दूर राहू द्या, कारण न्हाणीघरातल्या फडताळावर परफ्यूम लवकर बिघडतो. बरण्यांचे आणि पट्ट्यांचे आठवडे संपले की एका सकाळी, काही खाण्यापिण्यापूर्वी, तिच्यातला एक फवारा पट्टीवर मारा आणि शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर तुम्हांला आवडलेल्या दुसऱ्या कोणत्याही परफ्यूमचा. दिवसभरात पाच वेळा हुंगून पाच ओळी लिहा, आणि मगच खोके उघडून यादी वाचा. यादीतली दोन नावे तुमच्या वहीतल्या शब्दांशी जुळली, तर ते पुष्कळ झाले. यादीत नसलेले काही तुमच्या वहीत सापडले, तर ते मला जरूर कळवा. आणि पट्टीवर वेळ लिहायला विसरू नका, कारण दुपारपर्यंत दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या दिसतात.